शेवटचं पाणी देणाऱ्या सत्यभामाबाई

जबलपूरच्या घमापुरात कोणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळला आणि दाराशी सत्यभामाबाई लांजेवार दिसल्या, की घरचे समजायचं ते समजून जात. अंथरुणावरचा माणूस शुद्धीवर असला तर तोही समजून जाई. पंचाईत तिथेच होती.

मागच्या गल्लीतल्या भय्यासाहेबांचंच घ्या. रिटायर मास्तर, साधा हिवताप आलेला, दोन गोधड्या घेऊन पडले होते. बाई आपल्या विरजण मागायला गेलेल्या, हातात वाटी. भय्यासाहेबांनी डोळा किलकिला करून आधी वाटी पाहिली, मग बाई पाहिल्या, आणि गोधड्या फेकून ताडकन उठून बसले. "वहिनी, मी एकदम ठीक आहे. तुम्ही काहून आल्या?" त्यांचा ताप त्या दिवशी जो उतरला तो उतरलाच. बाईंची सून हर्षा हा किस्सा आल्यागेल्याला सांगते आणि वर म्हणते, डॉक्टरच्या सुईपेक्षा आमच्या आईंचा गुण लवकर येतो.

बाई हसत नाहीत, रागावतही नाहीत. त्यांना आपल्या कामाचा मान ठाऊक होता. लांजेवारांचं घर मूळ भंडाऱ्याकडचं, सासऱ्यांच्या वडलांपासून जबलपुरात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडताना जे तोंडात येईल ते. जाणाऱ्या माणसापाशी बसायचं हे काम सासूबाई करायच्या. त्यांच्या मागे ते बाईंकडे आलं, जसं घरातलं जातं-उखळ येतं तसं. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही.

आणि काम सोपं नव्हतं, बरं का. माणूस निघाला की घरचे गोंधळ घालतात. कोणी पाय धरून रडतं, कोणी मुंबईच्या भावाला व्हिडिओ लावून देतं, कोणी अजून औषधाची गोळी कोंबू पाहतं. बाई आल्या की आधी रडणाऱ्यांना ओसरीत पाठवत. मग उशाशी मांडी घालून बसत, ग्वारीघाटावरून भरून आणलेल्या नर्मदेच्या पाण्यात तुळशीचं पान बुडवून ओठाला लावत आणि कानाशी वाकून म्हणत, "झालं सगळं. पोरं मार्गाला लागली. आता कोणाची काळजी करू नको. जा शांतीनं." स्वतःचा नवरा, दिवाकर, त्यालाही त्यांनी असंच धाडलं होतं. आवाज जरासुद्धा कापू दिला नव्हता. नंतर मोरीत जाऊन नळ सोडून किती वेळ रडल्या ते त्यांचं त्यांना माहीत.

इतकी माणसं अशी पाहिल्यावर बाईंना एक गुर्मी आली होती, खोटं कशाला बोला. चेहरा पाहून सांगायच्या. नाक कसं झालंय, श्वास कुठून येऊन राहिला, डोळा कुठे लागलाय, एवढं पाहिलं की मान हलवून म्हणत, "निघाला." आणि तो निघायचाच. त्यामुळे त्यांना सर्वांत मोठा राग कोणाचा असेल तर अँब्युलन्सवाल्यांचा. वरच्या माळ्यावरच्या विठोबा पेंटरला शेवटच्या घटकेला त्या लोकांनी स्ट्रेचरवर बांधून जिन्यातून उतरवलं आणि बिचारा जिन्यातच संपला. तेव्हापासून रस्त्यावर भोंगा ऐकू आला की बाई कपाळाला आठी घालत. "आयुष्यभर माणूस धावला, आता जातानाही पळवून राहिले त्याला," म्हणत.

तर अशा ह्या सत्यभामाबाई यंदाच्या थंडीत जबलपूरजवळच्या पाटनला गेल्या होत्या, नात्यातल्या एका पोरीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. मुलगा योगेशच्या स्कूटरवर मागे बसून, डोक्याला मफलर, मांडीवर पिशवी. पिशवीत आहेरात मिळालेलं ब्लाउजपीस, लाडवाचा पुडा, आणि नर्मदेच्या पाण्याची, तुळशीची पानं घातलेली नेहमीची ती बाटली. बाटली त्यांच्यासोबत सगळीकडे जायची. साक्षगंधालाही नेली म्हणून हर्षाने निघताना डोळे मोठे केले होते.

मटाराचे दिवस होते. त्या रस्त्यावर मटाराची पोती लादलेल्या गाड्यांची नुसती रांग. परतताना, ऊन चांगलं वर असताना, पुढे वळणावर गर्दी दिसली. एक पिकअप शेतात उतरलेली, तिचा ड्रायव्हर पळालेला, पोती फुटून शेंगांचा रस्त्यावर हिरवा सडा पडलेला. आणि त्या सड्यात एक मोटारसायकल, आणि तिच्यापलीकडे एक पोरगा. पंचविशीच्या आतबाहेरचा. उजव्या मांडीखाली रस्ता काळा-लाल झाला होता.

लोक होते की. पुष्कळ होते. काही लांबून बघत होते, काही फोन धरून उभे होते, आणि बाकीचे, काय सांगायचं, शेंगा वेचत होते. ओंजळीने पिशव्यांत भरत होते आणि मधूनच पोराकडे बघून च्‌च्‌ करत होते.

"आई, उतरू नको. पोलीस केस आहे ही," योगेश म्हणाला. म्हणाला आणि स्वतःच १०८ ला फोन लावायला लागला. पोरगा वाईट नाही, घाबरट आहे.

बाई उतरल्या होत्या. पोराजवळ जाऊन गुडघ्यावर बसल्या, चेहऱ्याकडे पाहिलं. पांढराफटक पडलेला, नाकपुडी ओढलेली, श्वास वरच्यावर. त्यांनी मान हलवली. हा निघाला, त्या मनात म्हणाल्या, आणि बघा कसा चाललाय, रस्त्यावर, परक्यांत, जवळ आई नाही, कोणी हात धरायला नाही. त्यांच्या काळजाचं पाणी झालं. मग जे काम येत होतं ते त्यांनी केलं. त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, बाटली उघडली, तुळशीचं पान ओठाला लावलं. ओठ हलले. तहान लागली असेल लेकराला, असं वाटून त्यांनी चांगलं घोटभर पाणी त्याच्या तोंडात सोडलं. खिशातून पडलेल्या पाकिटातलं लायसन कोणीतरी वाचलं, अनुपम पटेल. बाई त्याच्या कानाशी वाकल्या आणि त्याला समजावं म्हणून हिंदीत म्हणाल्या, "अनुपम बेटा, अब किसी की चिंता मत करो. आराम से जाओ."

पोराला ठसका लागला. पाणी नाका-तोंडातून आलं, सोबत रक्त आलं. डोळे उघडले. आणि त्याने बाईंचं मनगट असं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"नहीं जाना," तो म्हणाला.

आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. सगळे पिकलेले होते, दमलेले होते, त्यांना फक्त कोणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं. हा पोरगा मनगट सोडायला तयार नव्हता.

तेवढ्यात भोंगा वाजला.

अँब्युलन्समधून एक मुलगी उडी मारून उतरली. ठेंगणी, वेणी घट्ट बांधलेली, आवाज मात्र अख्ख्या रस्त्याला पुरेल असा. श्रद्धा तिचं नाव, पण ते नंतर कळलं. तिने एका नजरेत सगळं पाहिलं. "सिर किसने उठाया? पानी किसने दिया?"

"मैंने," बाई म्हणाल्या.

बाईंना वाटलं आता ही सर्वांसमोर आपली अब्रू काढणार. पण तिला तेवढीही फुरसत नव्हती. तिने डोकं हलक्या हाताने सरळ केलं, मानेला पट्टा घातला, तोंडात नळी घालून आतलं पाणी-रक्त ओढून काढलं. मांडीच्या जखमेवर कापडाचा जाड गठ्ठा दाबला आणि बाईंचे दोन्ही हात धरून त्यावर ठेवले. "अम्मा, पूरा वजन डालो. छोड़ना नहीं. मैं इसकी साँस देखूँगी, खून तुम देखो."

अँब्युलन्सचा ड्रायव्हर गौतम आणि दोन माणसांनी स्ट्रेचर उचललं, तशा बाईही सोबत उचलल्या गेल्यासारख्या आत चढल्या, कारण हात सोडायचे नव्हते. योगेश मागून स्कूटरवर निघाला. ब्लाउजपीस आणि लाडू तिथेच राहिले. कोणी खाल्ले देव जाणे.

आत श्रद्धाने ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं आणि वर न बघता म्हणाली, "अम्मा, इससे बात करती रहो. सोने मत देना."

आता आली का पंचाईत. जन्मभर माणसाला झोपवायचं काम केलेलं. 'जा' म्हणायचे शंभर शब्द जिभेवर, 'राहा' म्हणायचा एक नाही. पोराचे डोळे मिटू लागले. तशी बाईंना जी भीती वाटली तिचा एकदम राग झाला आणि त्या अस्सल मराठीत सुरू झाल्या, "ए, डोळे उघड. उघड म्हणते ना. माझं मनगट पिरगाळलं, आता झोपतो काय? लाज नाही वाटत? घरी आई वाट पाहून राहिली असेल. काय म्हणून सांगू तिला मी? काहून एवढ्या जोरात गाडी चालवतात रे तुम्ही लोक? कोणती आगगाडी सुटून राहिली होती तुझी?" पोराला एक अक्षर कळलं नसेल. पण डोळे उघडले. मग बाई थांबल्याच नाहीत. साक्षगंधात काय काय जेवण होतं ते सांगितलं, नवरा मुलगा किती काळा आणि किती चांगला आहे ते सांगितलं, जिलेबी कशी कडक होती त्याची तक्रार केली. मध्येच हिंदीत, "शादी हुई क्या? नहीं हुई? तो फिर? ऐसे कैसे चलेगा?"

आणि बोलता बोलता बाई बघत होत्या. ही एवढीशी पोर हलत्या गाडीत गुडघ्यांवर बसलेली. वेणी सुटली, कपाळ कुठेतरी आपटलं, तिने हातही लावला नाही. पोराचा श्वास अडखळला की ती त्याच्या तोंडाशी वाकायची, नळी लावायची, गालावर चापट मारायची, आणि श्वास पुन्हा चालू झाला की तिच्या तोंडून "शाबाश, हीरो" असं निघायचं, परीक्षेला बसलेल्या भावाला म्हणावं तसं. पुढून गौतम प्रत्येक खड्ड्याआधी ओरडून सांगायचा, "अम्मा, सँभालना, गड्ढा है," म्हणजे बाई हात घट्ट करतील. माणूस गाडी चालवत होता की दुधाने भरलेली परात नेत होता, कळत नव्हतं. या पोराचे हे कोणी नव्हते. उद्या रस्त्यात भेटला तर ओळखणारही नव्हते. बाईंना मनात फार लाज वाटली. इतकी वर्षं ह्यांना मी काय काय बोलले, असं झालं.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरांना श्रद्धाने भराभर सगळं सांगितलं आणि त्यात हेही सांगितलं, "मुँह से पानी दिया गया है, फेफड़े में गया होगा." नाव घेतलं नाही. बाईंकडे बघितलंही नाही. पण बाईंनी ऐकलं. स्ट्रेचर आत गेलं, त्यांचे हात सुटले, आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. तोवर अँब्युलन्स दुसऱ्या कोणासाठी निघूनही गेली होती.

पोराची आई आली ती चप्पल न घालता. विनता पटेल, पाटनच्या पलीकडच्या गावची, नवरा नसलेली, एकुलता एक मुलगा. कोणीतरी बोट दाखवलं तशी तिने येऊन बाईंचे पायच धरले. "दीदी, आप मेरे लिए देवी हो." बाईंना वाटलं जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

मांडीचं ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्या दिवसापासून ताप चढला, छाती भरली आणि पोराला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. पाणी छातीत गेलं होतं, डॉक्टर म्हणाले. रक्त थांबवलंत म्हणून पोहोचला, हेही म्हणाले. बाईंच्या कानात पहिलंच राहिलं.

मग बाई रोज जायला लागल्या. सकाळी घरचं आटोपून आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसायच्या ते संध्याकाळी योगेश न्यायला येईपर्यंत. मध्ये गल्लीत एक म्हातारी अत्यवस्थ झाली, बोलावणं आलं. बाईंनी हर्षाकडून निरोप धाडला, "त्यांना म्हणा आधी डॉक्टर बोलवा. माझा आता भरवसा नाही." हर्षा सासूबाईंच्या तोंडाकडे बघतच राहिली. संध्याकाळी तिने त्यांच्या पायांना तेल चोळून दिलं.

बाकावर विनताच्या शेजारी बसून बाईंचा जीव आतल्या आत कुरतडला जात होता. ही बाई आपल्याला देवी म्हणते, डब्यातली पोळी मोडून अर्धी देते, आणि आत तिचा मुलगा आपण दिलेल्या पाण्यापायी मशीनवर पडलेला. शेवटी एके दुपारी त्यांना राहवलं नाही. सगळं सांगितलं. पाणी मी पाजलं, मला वाटलं हा चालला, मी त्याला जा म्हटलं, असं सगळं, एकही गोष्ट मागे न ठेवता.

विनता उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिने बाईंकडे पाहिलं नाही. बाईंना त्या रात्री झोप लागली नाही, पण सकाळी त्या गेल्या. शिव्या खायच्या तर तिथे बसून खाऊ, असं मनाशी ठरवूनच गेल्या.

विनताने त्यांना पाहिलं. मग तिने आपला डबा बाकावरून बाईंकडे सरकवला.

"गाँव वालों ने वीडियो दिखाया मुझे," ती म्हणाली. "सब दिख रहा है उसमें. सब मटर बीन रहे थे, दीदी. एक आप बैठी थीं उसके पास."

तेव्हा बाईंचा बांध फुटला. दवाखान्याच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पदर तोंडात धरून त्या रडल्या. आणि गंमत म्हणजे विनताच त्यांना समजावत होती, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि स्वतःही रडत होती.

पोरगा लढला. एकदा वाटलं हातचा गेला, एकदा वाटलं आला. मग ताप उतरला, नळी निघाली, आणि एके दिवशी बाईंना आत जाऊ दिलं. चिपाड झालेला, दाढी वाढलेली. त्यांच्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जलेबी वाली अम्मा." एवढंच आठवत होतं त्याला. बाईंनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि नर्मदामाईची शपथ घालून सांगितलं, पुन्हा मोटारसायकल जोरात चालवलीस तर तंगडं मीच मोडीन.

घरी परतताना बाई योगेशला म्हणाल्या, "त्या पोरीला कोणी सांगितलं असेल का रे?"

"कोणाला?"

"अँब्युलन्समधल्या. हा जगला म्हणून."

योगेश म्हणाला, सांगितलं असेल की कोणी. बाई म्हणाल्या, "आपण सांगितलं काय? मग कोण सांगेल?"

ती अँब्युलन्स मदन महालजवळ एका पेट्रोलपंपापाशी उभी असते, असा पत्ता दवाखान्यात मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई तिथे पोहोचल्या. श्रद्धा अँब्युलन्सच्या मागच्या पायरीवर बसून घाईघाईने डब्यातला डाळभात खात होती. गौतम पुढे स्टिअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढत होता. बाईंना पाहून ती घास हातात धरून उभी राहिली, जरा सावध झाली.

"जी अम्मा? कोई शिकायत है क्या?"

बाईंनी आयुष्यात पुष्कळ दारांत उभं राहून बातम्या दिल्या होत्या. कोणाच्या मुलाला, कोणाच्या बहिणीला. कुठे थांबायचं, कधी हात धरायचा, सगळं येत होतं. ही बातमी कशी देतात ते माहीत नव्हतं.

"वो लड़का," त्या म्हणाल्या. "पाटन रोड का. मटर वाला. बच गया."

श्रद्धाला क्षणभर लागलं. इतके रस्ते, इतकी पोरं. मग तिच्या डोळ्यांत ओळख आली. ती पुन्हा पायरीवर बसली. "सच में?" तिने विचारलं. बाईंनी मान डोलावली. तशी ती पुढे वळून ओरडली, "गौतम भैया, उठो. वो मटर वाला था ना... बच गया." गौतम खाली उतरला आणि उगीचच टायरकडे बघायला लागला.

"हमको कोई बताता नहीं, अम्मा," श्रद्धा म्हणाली. "दरवाज़े तक छोड़ते हैं, बस. उसके बाद कौन जिया, कौन गया, पता ही नहीं चलता." तिचं नाक वाहत होतं आणि एक हात डाळभाताने भरलेला, दुसऱ्या बाहीने ती पुसत होती.

बाईंनी दोन्ही हात जोडले. वयाने आजी शोभतील अशा बाईंनी त्या पोरीपुढे आणि त्या ड्रायव्हरपुढे मान वाकवली. दोघं कावरीबावरी झाली, "अरे अम्मा, क्या कर रही हो," म्हणत त्यांचे हात खाली करू लागली. "करू दे," बाई म्हणाल्या, मराठीतच. "खूप वर्षांचं राहिलंय."

तेवढ्यात फोन वाजला. श्रद्धाने ऐकलं, "चलो," म्हणाली, डबा ठेवायला जागा शोधली आणि बाईंच्या हातात दिला. भोंगा सुरू झाला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

बाईंच्या हातात अर्धा खाल्लेला डाळभात राहिला. त्यांनी डब्याला झाकण लावलं, पेट्रोलपंपाच्या कठड्यावर सावली बघून बसल्या आणि डबा मांडीवर पदराखाली घेतला, गार होऊ नये म्हणून. योगेशचा फोन आला, आई कधी येतेस. बाई म्हणाल्या, "ती पोर उपाशी गेली आहे. ती जेवल्यावर येते."